चौथा बोल्ट का अडतो?

प्रश्न : कूलरच्या मोटरसाठी ६ मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी पट्ट्यांना मी घरच्या टेबल-ड्रिलवर प्रत्येकी चार छिद्रे पाडली. मोजमाप दोनदा तपासले, सेंटर पंचही मारला. तरी ८ मिलिमीटरचे तीन बोल्ट बसतात आणि चौथा अडतो. ड्रिलही ८ मिलिमीटरचेच होते. चूक कोठे झाली? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आपले मोजमाप बहुधा बरोबरच असावे, चूक आहे ती दोन्ही पट्ट्यांवर वेगवेगळे मोजण्यात. एका पट्टीतले छिद्र पाव मिलिमीटर डावीकडे आणि दुसरीतले तेवढेच उजवीकडे सरकले, की अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, आणि ८ च्या बोल्टला ८ चेच छिद्र असल्यावर तो सामावायला जागा उरत नाही. ड्रिल सरकते, कारण त्याच्या टोकाशी दोन धारांच्या मधली आडवी कड धातू कापण्याऐवजी रेटते, आणि पंचाची खूण त्या कडेहून लहान असली तर टोक खुणेत बसतच नाही.

यापुढे मोजमाप फक्त वरच्या पट्टीवर करावे. इतवारीच्या लोहा ओळीतून कापून आणलेल्या पट्टीच्या कडेला बहुधा बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत कड, असते; ती कानशीने काढली नाही तर पट्ट्या एकमेकींवर सपाट बसत नाहीत. दोन्ही पट्ट्या क्लॅम्पने आवळून, खाली लाकडी ठोकळा ठेवून, आधी ४ मिलिमीटरचे आणि मग ८.५ मिलिमीटरचे ड्रिल दोन्हींतून आरपार घालावे. पहिल्या छिद्रात लगेच बोल्ट घालून आवळावा, त्यानंतर तिरक्या समोरचे छिद्र पाडून त्यातही बोल्ट घालावा, आणि उरलेली दोन छिद्रे शेवटी पाडावीत. पट्टी हाताने धरून ड्रिल करण्याचे धाडस मात्र करू नये. ड्रिल आरपार जाताना अडकते आणि पट्टी गरकन फिरते.

टेबल काटकोनात आहे का, हेही एकदा पाहावे. चकमध्ये, म्हणजे ड्रिल धरणाऱ्या पकडीत, जाड तार वाकवून धरावी, तिचे टोक टेबलाला जेमतेम टेकवावे आणि यंत्र बंद ठेवून चक हाताने फिरवावा. टोक एका बाजूला घासले आणि समोरच्या बाजूला अधांतरी राहिले, तर टेबल कललेले आहे.

आताच्या पट्ट्या टाकून देण्याचे कारण नाही. तीन बोल्ट आवळून चौथे छिद्र गोल कानशीने मोठे करावे आणि तिथल्या बोल्टखाली रुंद वॉशर घालावा. तयार छिद्रात पुन्हा ड्रिल घातले तर ते एकदम ओढले जाते, म्हणून येथे कानसच बरी.