पाणलोटातल्या पाण्याच्या गुणवत्तेवर पीएचडी म्हणजे खरं रसायनशास्त्र की नुसत्या बाटल्या भरणं?

तुम्ही विचारलंय की एमएस्सी झाल्यावर अशा प्राध्यापकांकडे पीएचडी करावी का, जे पाणलोट क्षेत्रातल्या पाण्याच्या गुणवत्तेवर काम करतात. मित्र म्हणतात त्यात रसायनशास्त्र कमी आणि नमुने गोळा करणंच जास्त. मी रसायनशास्त्र शिकवते आणि संशोधनही याच विषयात करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाटल्या भराव्या लागतात हे खरं आहे, आणि पुष्कळ भराव्या लागतात. पण बाटली भरतानाच रसायनशास्त्र सुरू होतं. नमुना बाटलीत बंद केला म्हणून आतल्या अभिक्रिया थांबत नाहीत. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करत राहतात, फॉस्फेट बाटलीच्या भिंतीला आणि गाळाच्या कणांना चिकटतं, लोह हवेशी संपर्क आला की अवक्षेपित होतं आणि जाताना सोबत इतर धातूही घेऊन जातं. म्हणून काठावरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पाणी गाळायचं, बर्फात ठेवायचं, आणि धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं पाणी आम्ल) २ च्या खाली न्यायचा. हीच बाटली नायट्रेटसाठी का वापरता येत नाही, हे विद्यार्थ्याला कोणी न सांगता सुचलं की मला फार बरं वाटतं. फॉस्फेटच्या बाटल्या साबणाने न धुता विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने का धुवायच्या, तेही तसंच.

विरघळलेल्या ऑक्सिजनचं उदाहरण घ्या. लायोस विंकलरने १८८८ साली दिलेली पद्धत मी आजही शिकवते, सेन्सर हाताशी असताना. बुडबुडा न राहू देता बाटली काठोकाठ भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं. पांढरा साका (तळाशी बसणारा घन पदार्थ) आला तर ऑक्सिजन जवळजवळ नाही. तपकिरी झाला तर आहे. मग आम्ल घालून सुटलेल्या आयोडिनचं थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने घालून मोजणं, शेवटी स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत. रेडॉक्स (इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण), साका, अंत्यबिंदू, सगळं एका बाटलीत. आणि सेन्सरवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायला हातात एक स्वतंत्र मोजमाप येतं.

पण आकडा मिळाल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साधारण ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५ च्या आसपास. शेवाळ दाट असलेल्या तलावात दुपारी यापेक्षा जास्त ऑक्सिजन दिसतो आणि रात्रभर तो वापरला गेल्यावर पहाटे त्याच जागी मासे तडफडतात. दिवसा शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएचही चढतो. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का माशांना विषारी अशा मुक्त रूपात असतो; पीएच ९ झाला की तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होतो. एकूण अमोनियाचा आकडा तोच राहतो, धोका मात्र कित्येक पटींनी वाढलेला असतो. नमुना किती वाजता घेतला हे वहीत नसेल, तर माझ्या दृष्टीने तो आकडा वाया गेला.

मला या विषयात सांगण्यासारखं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथेच आहे: पाणलोटात संहती, म्हणजे लिटरमागे किती पदार्थ आहे हा आकडा, एकटी काही बोलत नाही. पाणी कुठून आलं, कोणत्या मातीतून झिरपलं, किती वेगाने वाहत होतं, हे सोबत हवं. विद्यार्थ्यांना मी एक साधा हिशेब करायला लावते. कोरड्या दिवसांत ओढ्याचा विसर्ग (वाहून जाणारं पाणी) सेकंदाला ०.१ घनमीटर आणि नायट्रेट ८ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे असं धरा. दिवसाकाठी सुमारे ६९ किलो नायट्रेट खाली गेलं. पुरात विसर्ग २० घनमीटर झाला आणि नायट्रेट २ मिलिग्रॅमवर उतरलं. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणेल पाणी सुधारलं. प्रत्यक्षात दिवसाला सुमारे ३,४५६ किलो गेलं, म्हणजे पन्नास पट. खालच्या तलावाला संहतीशी देणंघेणं नसतं, त्याच्यात येऊन पडतात ते किलो. फॉस्फरस तर बहुतेक वेळा गाळाला चिकटून जातो, त्यामुळे वर्षभराच्या एकूण भारातला मोठा वाटा थोड्याच वादळी दिवसांत वाहून जाऊ शकतो. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला नमुना घेणाऱ्याच्या हाती ते दिवस बहुधा लागतच नाहीत.

आता "खरं रसायनशास्त्र" म्हणजे काय, त्याची दोन उदाहरणं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये २२६ क्रमांकाचा तलाव पडदा टाकून दोन भागांत विभागला. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. ती बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी झाली नाही. डिटर्जंटमधला फॉस्फेट हा खरा दोषी आहे का, यावर तेव्हा मोठा वाद चालू होता. त्या तलावाच्या छायाचित्राने तो वाद बराच मिटवला.

दुसरं उदाहरण मला जास्त प्रिय आहे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक जंगलात जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासून छोट्या पाणलोटांचा जमाखर्च मांडायला सुरुवात केली: पावसातून आत काय आलं आणि ओढ्यातून बाहेर काय गेलं. १९६५ च्या हिवाळ्यात एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली आणि नवी उगवू दिली नाहीत. ओढ्यातलं नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं. खत कोणीच घातलं नव्हतं. मुळं नायट्रोजन शोषून घेत नव्हती म्हणून जिवाणूंनी मातीतल्या अमोनियमचं नायट्रेट केलं, त्यात हायड्रोजन आयन सुटले, त्यांनी मातीच्या कणांवरून कॅल्शियम हटवलं आणि तेही ओढ्याला लागलं. झाडाच्या मुळापासून कॅल्शियमच्या आयनविनिमयापर्यंतची ही साखळी कोणत्याही बंद फ्लास्कमध्ये दिसली नसती. पावसाच्या त्याच नोंदींमधून पुढे उत्तर अमेरिकेतल्या आम्लवर्षेचा प्रश्नही समोर आला, आणि तो दिसला याचं कारण म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं कंटाळा न करता पाऊस मोजत होतं.

गाळाचं रसायनशास्त्रही असंच खोल आहे. तलावाच्या तळाशी ऑक्सिजन संपला की न विरघळणाऱ्या फेरिक लोहाचं विरघळणारं फेरस होतं आणि त्याने धरून ठेवलेलं फॉस्फेट परत पाण्यात सुटतं. त्यामुळे बाहेरून येणारं सांडपाणी थांबवलं तरी तलाव वर्षानुवर्षं हिरवाच राहू शकतो. भूजलातल्या नायट्रेटचंही असंच. काही ठिकाणी आज विहिरीत दिसणारं नायट्रेट कित्येक दशकांपूर्वी शेतात पडलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा ५० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि ती मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटू नये, हा विचार करून ठरली आहे. हे माहीत असलेला विद्यार्थी ४८ आणि ५२ मधल्या फरकाकडे निष्काळजीपणे पाहू शकत नाही.

म्हणून मी वर्गात अचूकतेवर फार वेळ घालवते. प्रत्येक फेरीत शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत जाते, काठावर उघडली जाते, गाळली जाते आणि इतर नमुन्यांसारखीच परत येते. तिच्यात फॉस्फेट सापडलं तर त्या दिवसाचं फॉस्फेट बाजूला. मग आयनांचा ताळेबंद: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम एकीकडे, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट दुसरीकडे, सगळं मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे विद्युतभाराच्या हिशेबात. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीनच असतं, त्यामुळे दोन्ही बाजू पाच टक्क्यांहून जास्त वेगळ्या पडल्या तर बहुधा मोजण्यात तरी चूक आहे किंवा एखादा आयन मोजायचा राहिलाय. विद्यार्थ्यांना हे सुरुवातीला जाचक वाटतं. मला वाटत नाही, कारण या आकड्यांवर कोणाचं तरी पिण्याचं पाणी अवलंबून असतं.

आता तुमचा निर्णय. त्या प्राध्यापकांना भेटाल तेव्हा शोधनिबंधांची संख्या विचारू नका. एकाच जागेची किती वर्षांची नोंद आहे आणि ती विद्यार्थी बदलले तरी सलग राहिली का, हे विचारा. विसर्ग स्वतः मोजतात का? पुराच्या दिवसांचे नमुने आहेत का? शुद्ध पाण्याच्या त्या बाटलीचे निकाल दाखवायला तयार आहेत का? भूगर्भ, माती किंवा जलविज्ञान जाणणारं कोणी सोबत काम करतं का? कारण एकट्या रसायनतज्ज्ञाला पाणलोट पुरता कळत नाही. प्रयोगशाळेत आयन क्रोमॅटोग्राफ (आयन वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे का हेही विचारा, पण ते शेवटी. यंत्र मिळवता येतं, दहा वर्षांची सलग नोंद विकत मिळत नाही.

तुम्हाला फक्त संश्लेषणात रस असेल, नवे रेणू बनवण्यातच मन रमत असेल, तर इकडे येऊ नका. तीन पावसाळे एकाच ओढ्यावर घालवताना जीव कंटाळेल. पण समतोल, रेडॉक्स, आयनविनिमय हे विषय आवडत असतील आणि सांख्यिकीची भीती नसेल, तर हो म्हणा. रुजू होण्याआधी त्यांच्याकडून जुन्या आकड्यांचा एखादा तक्ता मागून घ्या आणि आयनांचा ताळेबंद स्वतः करून बघा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि हे काम तुम्हाला रुचतं की नाही ते तेव्हाच समजेल.