टीपीवर बसवलंय म्हणून कंटाळलीस? जरा थांब

तुझा प्रश्न थोडक्यात असा. पत्रकारितेची पदवी घेऊन लातूरहून मुंबईत आलीस, एका मराठी वृत्तवाहिनीत अप्रेंटिस म्हणून लागलीस. पीसीआरमध्ये, म्हणजे जिथून बुलेटिन चालवतात त्या कंट्रोल रूममध्ये, तुला टीपीवर (टेलिप्रॉम्प्टर, अँकरसमोर वाचायचा मजकूर सरकवणारा पडदा) बसवतात, नाहीतर रिपोर्टरांना फोन लावायला. स्विचरला, म्हणजे कुठलं चित्र हवेत जायचं ते बदलणाऱ्या पॅनलला, हात लावू देत नाहीत. हे शिकणं आहे की नुसतं राबवून घेणं, आणि त्यापेक्षा मैत्रिणीच्या रील्सच्या एजन्सीत जावं का?

मी बरीच वर्षं पॅनलवर काढली आहेत. माझं मत आधीच सांगते: टीपीची खुर्ची सोडू नकोस. स्विचरची बटणं फार लवकर पाठ होतात. प्रिव्ह्यूच्या पडद्यावर पुढचं चित्र लावायचं, सांगितलं की टेक करायचं, म्हणजे ते हवेत सोडायचं, बाकी सगळा हाताचा सराव. लाइव्हमध्ये वर्षं जातात ती वेळेचा हिशेब आणि कान तयार व्हायला. ते दोन्ही तुला सध्या बसवलंय तिथूनच सगळ्यात जवळून दिसतं.

टीपी चालवताना अँकरच्या मागून जायचं, तिला ओढत न्यायचं नाही. ती थांबली की तू थांब. ती वाचते आहे ती ओळ पडद्यावर एकाच उंचीवर राहिली पाहिजे, नाहीतर डोळे वरखाली होतात आणि घरी बसलेल्याला ते लगेच कळतं. ती सोडून बोलायला लागली तर तिथेच उभी राहा, परत स्क्रिप्टवर येईपर्यंत पान हलवू नकोस. कॉपी, म्हणजे तिने वाचायचा मजकूर, अंगावर येण्याआधी एकदा वाचून घे. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आलेली असेल तर रफार उडालेला असतो आणि ‘दुसऱ्या’चं काहीतरी भलतंच झालेलं असतं. आकडे अक्षरांत लिही. ५९, ६९, ७९ असे आकडे समोर आले की भल्याभल्यांची जीभ अडखळते. एकोणसत्तर लिहिलेलं असेल तर ती सरळ वाचून जाते. २३ नोव्हेंबर २०२४ ची विधानसभेची मतमोजणी आठव. २८८ जागा, बहुमताला १४५, आणि कलांचे आकडे सतत बदलत होते. अशा दिवशी स्क्रिप्ट नावाला असते, अँकर टॅलीच्या, म्हणजे कुणाला किती जागा याच्या, ग्राफिकवरून बोलते. टीपीवर दोन-चार शब्दांचे मुद्देच हवेत, आणि ते आत्ताचे हवेत. दहा मिनिटांपूर्वीचा कल टीपीवर राहिला तर तो तिच्या तोंडून जाणारच.

आता हिशेब. समज, ब्रेक सात चौदाला पडायचा आहे. घड्याळात ७:१०:२० झालेत, म्हणजे हातात ३ मिनिटं ४० सेकंद. पुढे रिपोर्टरचा लाइव्ह दीड मिनिटाचा, मग २० सेकंदांची लिंक (पुढच्या बातमीची अँकरने केलेली ओळख), १ मिनिट ३५ सेकंदांचं पॅकेज (आधीच कापून तयार ठेवलेली बातमी) आणि ‘ब्रेकनंतर काय’ याला १५ सेकंद. बरोबर बसतंय. पण अँकरने आणखी एक प्रश्न विचारला आणि लाइव्ह २ मिनिटं १० सेकंदांवर गेला. उरले ९०, त्यातले १५ गेले, राहिले ७५. लिंक आणि पॅकेजला ११५ लागतात, म्हणजे पॅकेज गेलं. त्याजागी दोन छोट्या एव्ही घ्यायच्या, म्हणजे चित्रांवर अँकरने वाचायच्या बातम्या. हे लाइव्ह संपल्यावर कळून उपयोग नाही, चालू असतानाच कळलं पाहिजे. ब्रेक पुढे ढकलू असं म्हणायची सोय नसते, कारण जाहिराती वेळ ठरवून विकलेल्या असतात, आणि नियमाने तासाला चॅनेलच्या स्वतःच्या प्रोमोसकट १२ मिनिटंच मिळतात. तू फोनवर बसलीस तरी समोर वही ठेव आणि प्रत्येक बातमीनंतर किती ओव्हर, किती अंडर, म्हणजे ठरल्यापेक्षा किती जास्त वेळ गेला की किती वाचला, हे स्वतःशी मांडत जा. कुणी विचारणार नाही. एक दिवस बातम्यांचा क्रम आणि वेळ सांभाळणारा रनडाऊनवाला विचारेल, ‘किती आहे गं?’ तेव्हा तुझ्याकडे आकडा असला पाहिजे.

फोनचं काम तर मला टीपीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. रिपोर्टर पावसात नाहीतर गर्दीत उभा असतो आणि त्याच्यासाठी अख्खा चॅनेल म्हणजे तुझा आवाज. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: ऐकू येतंय का, कुणानंतर मी, आणि किती वेळ. ‘दादा, ईपीत आवाज आहे ना? ही बाइट संपली की तुम्ही, दीड मिनिट.’ बस्स. (ईपी म्हणजे त्याच्या कानातला इअरपीस, बाइट म्हणजे कुणाच्या तरी बोलण्याचा तुकडा.) त्याच्या कानात जाणाऱ्या फीडमधून त्याचा स्वतःचा आवाज काढलेला आहे ना, हे ऑडिओवाल्याकडून आधी खात्री करून घे. नाहीतर त्याला आपलंच बोलणं उशिरा ऐकू येतं आणि तो तोतरा होतो. उशिराचंही गणित आहे. डीएसएनजी, म्हणजे उपग्रहावरून चित्र पाठवणारी व्हॅन असेल तर सिग्नल ३६ हजार किलोमीटर वर जाऊन परत येतो, सुमारे पाव सेकंद तिथेच जातो. पाठीवरची बॅकपॅक अनेक सिमवरून तुकड्यातुकड्याने चित्र पाठवते, ते जुळवायला सेकंद-दोन सेकंद लागतात. म्हणून अँकरची लिंक संपायची वाट न बघता त्याला जरा आधी क्यू, म्हणजे बोलायची खूण, द्यायचा. मतमोजणी केंद्राबाहेर नेटवर्क हमखास गुदमरतं, तेव्हा फोनो, म्हणजे चित्राशिवाय नुसता फोनवरचा आवाज, घेण्यासाठी दुसरा नंबर आधीच लावून ठेव.

टॉकबॅकवर, म्हणजे पीसीआरमधून कानात जाणाऱ्या लाइनवर, जपून. अँकरचा कान उघडा असतो. तू ‘अरे हे काय दाखवताय’ ओरडलीस की ती वाक्याच्या मध्यात थबकते. गरज नसेल तर बोलूच नकोस.

एका बाबतीत मात्र ओरडायचं. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचा किंवा अल्पवयीन मुलाचा चेहरा, घराची पाटी, शाळेचा गणवेश ब्लर न करता दिसला, तर ‘काढा, काढा’. ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ आणि पॉक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. तसंच दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचं थेट चित्रण दाखवता येत नाही. २६/११ ला मुंबईत काय दाखवलं गेलं ते तुला ठाऊक असेलच. २०१५ पासून नियम असा की कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी अधूनमधून जे सांगेल तेवढंच. अशा वेळी तू सगळ्यात ज्युनिअर असणं आड येत नाही.

स्विचरचं म्हणशील तर रात्रपाळी माग. मध्यरात्रीनंतर बरंचसं रेकॉर्डेड चालतं, पॅनल मोकळं असतं, आणि जुने ऑपरेटर नुसतं ‘शिकवा ना’ म्हटलं तर शिकवत नाहीत. आठवडाभर शेजारी बसून त्यांचं बघितलंस की आपणहून सरकतात. दिवसा कुणी जागा देणार नाही, त्याचा राग मानू नकोस.

रील्सचं काम वाईट नाही, पैसेही कदाचित जास्त मिळतील. पण तिथे चुकलं की परत कापता येतं. तुला लाइव्ह आवडतं की नाही हे तूच बघ. एखाद्या मोठ्या ब्रेकिंगच्या दिवशी शिफ्ट संपल्यावरही थांबावंसं वाटलं का, एवढं आठव. घड्याळाकडे बघत होतीस तर खुशाल जा.

आणि एक गोष्ट याच आठवड्यात कर. एचआरला विचार की तुझा करार १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली सरकारी पोर्टलवर नोंदवलाय, की नुसतंच ‘इंटर्न’ म्हणून पत्र दिलंय. नोंदवलेला असेल तर किमान विद्यावेतन ठरलेलं असतं आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. नसेल तर विद्यावेतन आणि प्रमाणपत्र देणार का, हे लेखी माग. रात्रपाळी घेणार असशील तर घरापर्यंतच्या ड्रॉपचंही त्याच मेलमध्ये विचारून घे.