सिग्नलला थांबलं की कार गरम होते, रेडिएटरचा पंखा फिरतच नाही. पूर्ण पंखा बदलावा लागेल का?

लगेच बदलू नका भाऊ. साडेसात हजारांचा पंखा टाकण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या. पुष्कळदा दोष रिले (पंख्याला करंट जोडणारा स्विच), कपलर (वायरींचा जोड) नाहीतर तापमानाच्या सेन्सरमध्ये निघतो आणि मोटर बिचारी धडधाकट असते.

तुम्ही लिहिलंय की गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. बुटीबोरीहून वर्धा रोडने येताना तापमानाचा काटा मधोमध असतो, पण नागपूर शहरात शिरून सिग्नलला उभं राहिलं की चढायला लागतो आणि गाडी निघाली की पुन्हा उतरतो. एक गॅरेजवाला पंखा बदला म्हणतो, दुसरा ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणून राहिलाय. माझं कामठी रोडला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे आणि मे महिन्यात हे काम रोजचंच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडी पळताना काटा उतरतो, ही चांगली गोष्ट आहे. पळत्या गाडीत समोरची हवाच रेडिएटरमधून जाते, तिथे पंख्याचं काम नसतं. म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) फिरतंय, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बहुधा ठीक आहेत, रेडिएटरही फारसा चोक नाही. हायवेला 80 च्या स्पीडवर काटा चढला असता तर मी पंख्याकडे आधी बघितलंच नसतं.

मात्र पंखा याच आठवड्यात गेला असं धरून चालू नका. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पंखा बहुतेक गाड्यांत 95 अंशांच्या आसपास सुरू होतो. जानेवारीत सकाळी बाहेर 15 अंश असले तर फरक 80 चा पडतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर 45 असतात, म्हणजे फरक आला 50 वर. त्यात व्हरायटी चौकात बसच्या मागे अडकलात तर रेडिएटरसमोरची हवा त्याहून गरम. हिवाळ्यात बंद पडलेला पंखा कोणाच्या लक्षातही येत नाही, उन्हाळा त्याचं पितळ उघडं पाडतो. तेव्हा ‘मागच्या महिन्यात सर्व्हिसिंग केली तेव्हा तर ठीक होती’ यावरून काही सिद्ध होत नाही.

सुरुवात गाडी पूर्ण थंड असताना, सकाळी करा. रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट वरपर्यंत आहे का बघा. पातळी खाली गेली की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो, त्याला खरं तापमान कळत नाही आणि पंख्याला हुकूमच जात नाही. पंखा चांगला, रिले चांगला, तरी गाडी गरम! गरम इंजिनावर हे झाकण चुकूनही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. फडकं धरून उघडणारे शूर लोक मी बघितले आहेत आणि त्यांचे भाजलेले हातही.

आता इंजिन चालू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की काही सेकंदांत पंखा फिरायला हवा, मग इंजिन गार असो की गरम. तुमच्या गाडीला एकच पंखा असेल तर या एका बटणानं अर्धा शोध संपतो. एसीवर पंखा फिरला म्हणजे मोटर जिवंत आहे, दोष सेन्सरच्या बाजूला आहे. नाही फिरला तर मोटर, रिले, फ्यूज किंवा वायर. एसीचा पंखा वेगळा असेल तर कोणता फिरतोय ते नीट बघा, नाहीतर फसाल. आणि हात, ओढणी, गळ्यातला दुपट्टा पात्यांपासून लांब ठेवा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

एसीवरही फिरला नाही तर बोनेटमधला फ्यूज बॉक्स उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, त्यात पंख्याचा फ्यूज (बहुधा 30 किंवा 40 अँपिअर) आणि रिले सापडेल. फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा नवा टाका. तोही उडाला तर मोटर जाम आहे किंवा कुठेतरी वायर सोलून बॉडीला लागली आहे. तिथे मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार टाकणाऱ्याकडून गाडी आधी परत घ्या.

रिले म्हणजे काळी चौकोनी डबी. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसरा एखादा रिले हुबेहूब त्याच नंबरचा असतो. नंबर आणि पाय जुळवून दोघांची अदलाबदल करा. पंखा फिरला आणि हॉर्न मुका झाला की निकाल लागला. नवा रिले दोन-तीनशेत मिळतो. ‘रिले टिकटिक करतो म्हणजे चांगला आहे’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. टिकटिक होते ती कॉइलची, पण आतला पॉइंट जळलेला असेल तर आवाज येऊनही करंट पुढे जात नाही. काढलेल्या रिलेचे पाय उजेडात धरा. एखादा पाय निळसर-काळा पडलेला आणि त्याच्या बुडाचं प्लास्टिक फुगलेलं दिसलं तर तो रिले गेलाच, शिवाय खालचं सॉकेटही ढिलं झालेलं असणार. नुसता रिले बदलाल तर नवाही काही दिवसांत तसाच जळेल.

तेच पंख्याच्या कपलरचं. हा मोठ्या करंटचा जोड आहे, 10 ते 20 अँपिअरचा. पिन थोडी ढिली झाली की ती तापते, तापली की आणखी ढिली होते. कपलर सुटा करून आत बघा. दोन भोकांपैकी एक स्वच्छ, दुसरं तपकिरी आणि कडेला ओघळलेलं, असं दृश्य माझ्या टेबलावर नेहमी असतं. इथे तपासायला मल्टिमीटरपेक्षा साधा टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला बल्ब बरा, हेडलाइटचा बल्ब असेल तर उत्तम. वायर आतून सडून एक-दोन तारांवर लटकलेली असली तरी मल्टिमीटर ऐटीत 12 व्होल्ट दाखवतो. बल्ब लावला की खरं कळतं, कारण त्याला करंट लागतो. एसी चालू ठेवून कपलरवर बल्ब झगझगीत पेटला आणि पंखा मात्र फिरत नसेल, तेव्हा कुठे मोटरवर संशय घ्या.

मोटरची खात्री करायची तर बॅटरीवरून जाड वायरने, मध्ये 30 अँपिअरचा फ्यूज घालून सरळ करंट द्या. स्पीकरची बारीक वायर वापरू नका, हातातच वितळेल. फिरली नाही तर करंट चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं मोटरच्या बुडावर हलकेच ठोका. ठोकल्यावर फिरली तर आतले कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत. पूर्वी कार्बन बदलून मिळायचे. हल्ली पुष्कळ मोटरी पॅकबंद येतात, तिथे नवीनच घ्यावी लागते. तेवढ्या एका बाबतीत तुमचा पहिला गॅरेजवाला बरोबर ठरेल.

एसीवर पंखा फिरतो, पण गाडी गरम झाल्यावर फिरत नाही, असं असेल तर सेन्सर. त्याचा कपलर इंजिन चालू असताना काढा. बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा कंप्यूटर घाबरून पंखा पूर्ण वेगाने चालवतो आणि चेक इंजिनचा दिवा लावतो. तसं झालं तर वायरिंग ठीक, सेन्सर बदला. स्कॅनर (गाडीच्या कंप्यूटरमधली माहिती दाखवणारं यंत्र) असेल तर आणखी सोपं. इंजिन खरंच उकळतंय आणि स्क्रीनवर 70 अंश, तर सेन्सर खोटं बोलतोय किंवा सिस्टिममध्ये हवा अडकली आहे. दिवा नंतर स्कॅनरने घालवून घ्या.

आता ते ‘डायरेक्ट’. चावी फिरवली की पंखा चालू, असं जोडून देतात. रस्त्यात अडकलात आणि घरी पोचायचंय, तर रिले आणि फ्यूज घालून केलेलं डायरेक्ट मला चालतं. कायमचं नाही. मोटर दिवसभर फिरून लवकर झिजते, अल्टरनेटरवर भार पडतो, आणि उद्या सेन्सर, कूलंट काहीही बिघडलं तरी झाकून जातं. आपल्याकडे थर्मोस्टॅटच काढून टाकायचीही पद्धत आहे. तीही करू देऊ नका.

तोवर गाडी चालवावीच लागली तर काटा चढताना एसी बंद करा, हीटर फुल करा, काचा उघडा. नागपुरात मे महिन्यात हीटर म्हणजे शिक्षाच, पण इंजिनातली थोडी उष्णता त्या वाटेने निघते. काटा लाल रेषेला टेकला की बाजूला घेऊन इंजिन बंद. त्यावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. गार झाल्यावर भरायचं तर कूलंटच भरा, बोअरचं पाणी नाही. कूलरच्या गवतावर जो पांढरा क्षार जमतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतो.

दुरुस्ती झाल्यावर गॅरेजवाल्यापुढेच एसी बंद करून गाडी उभ्या जागी चालू ठेवा. पंखा आपोआप लागला पाहिजे, थोड्या वेळाने थांबला पाहिजे आणि पुन्हा लागला पाहिजे. असं निदान दोनदा झालेलं बघा, मगच पैसे द्या.