आमच्या घराची किल्ली तिने पाकिटात घालून परत दिली

प्रश्न :

ताई नमस्कार. मी मूळची आंजर्ल्याची, दापोली तालुका, सासर केळशीचं. २०१४ पासून आम्ही मस्कतला आहोत. मिस्टरांचं काम दुक्मच्या साइटवर, मस्कतपासून पाच-साडेपाचशे किलोमीटर, त्यामुळे आठवडाभर मी आणि मुलगाच घरी. मुलगा आता ९ वर्षांचा आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर माझ्या मैत्रिणीचं, मालवणकडचं कुटुंब होतं, होतं म्हणताना पण कसंतरी होतं मला. मुलगा दीड वर्षाचा असताना रात्री दोन वाजता त्याला तापात फिट आली, मिस्टर साइटवर, मला गाडी येत नाही, मी नुसती दार उघडून ओरडले तर तिचे मिस्टर लुंगीवरच खाली आले, गाडी काढली, आणि ती मागच्या सीटवर माझा हात धरून बसली. त्या दिवसापासून आमची दोन घरं वेगळी अशी राहिलीच नाहीत. निसर्ग वादळात, जून २०२० ला, आई-बाबांचा फोन लागेना, विमानं बंद, जाणार कसं, तर ती माझ्याकडेच येऊन झोपायची. पुढच्या वर्षी इकडे शाहीन वादळ आलं तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या हॉलमध्ये गाद्या टाकून. सुट्टी मिळाली की खरीफमध्ये, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, दोन्ही गाड्या काढून सलालाहला जायचो, हजार किलोमीटर वाळवंट आणि मग एकदम धुकं, रिमझिम, माड, केळी, रस्त्याकडेला शहाळीवाले, मुलांना सांगायचो आजीच्या गावाला असंच असतं, फक्त पाऊस याच्या शंभरपट. तिची मुलगी माझ्या मुलाला राखी बांधते. तो माझ्या मैत्रिणीला मावशी म्हणतो आणि तिच्याकडून 'खंय गेल्लंस' वगैरे शिकून आलाय, आंजर्ल्याची आजी ऐकून हसते.

मार्चमध्ये ते कॅनडाला गेले, मिसिसागाला, कायमचे. आणि ताई, हे मला तिने सांगितलंच नाही. हळदीकुंकवाला तिसऱ्याच एकीने विचारलं, तुझी जोडीदारीण चालली ना आता? दीड वर्ष त्यांचं सगळं चाललेलं आणि रोज माझ्याकडे चहा पिऊन जात होती ती. मी भांडले नाही, पॅकिंगला मदत केली, हसून फोटो काढले. शेवटच्या दिवशी तिने आमच्या घराची डुप्लिकेट किल्ली, जी आठ वर्षं तिच्याकडे असायची, ती पाकिटात घालून दिली आणि 'येतंय गो' म्हणाली. तेव्हा मी जी रडायला लागले ती अजून बंद झालेली नाही असंच समजा. आठ दिवसात तिच्या फ्लॅटमध्ये नवीन लोक पण आले, दाराबाहेर त्यांचं चपलांचं स्टँड.

आता एप्रिलमध्ये शाळेचा फॉर्म आला. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट एक, मिस्टर. दोन, तिथे कायम तिचं नाव असायचं. मी रिकामं सोडलंय, शाळेतून दोनदा फोन येऊन गेला. मुलगा म्हणतो मावशीचंच लिही ना. व्हिडिओ कॉल लावला की मात्र तो आत पळतो. आई म्हणते मैत्रीणच गेली ना, सख्खं कुणी गेल्यासारखं काय करतेस, मिळतील दुसऱ्या. माझं खरंच जास्त होतंय का?

ता. क. तिला आमसुलं, मोदकाची पिठी असं काही कुरिअरने पाठवता येईल का? तिचं मोदकपात्र शिपिंगमध्ये बसलं नाही म्हणून मलाच देऊन गेली, आणि मी ते रागाने माळ्यावर टाकलंय.

उत्तर :

अगं, जास्त काही होत नाहीये. आंजर्लं आमच्या खाडीपलीकडे, म्हणजे तू शेजारचीच निघालीस, म्हणून अगंतुगंच करते.

आईवर रागवू नकोस. नात्याला नाव असलं की आपल्याकडे त्याचं दुःख करायची सोय असते, वहिनी गेली, नणंद दुरावली, चार बायका येऊन बसतात. रात्री दोनला लुंगीवर गाडी काढणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत नाव काय तर भाऊजी, आणि भाऊजी तर काय आपण कुणालाही म्हणतो. परदेशात सासर-माहेर-शेजार सगळं त्या एका घरात भरलेलं असतं, ते गेलं म्हणजे एकदम चार-पाच नाती गेली, रडू त्या हिशोबाने येतंय. आणि दुसऱ्या मिळतील म्हणणाऱ्या आईला एवढंच विचार की निसर्गने आपल्या पोफळी ३ जूनला आडव्या केल्या, त्याच पावसात रोपं लावली, ती धरली कधी?

आता त्या लपवण्याचं. तुझ्या पत्रात मला खरा काटा इथे दिसला, आणि तू त्याला विरहाच्या खाली दाबून टाकलायस. माझा भाचा दोह्याला होता, त्याने कॅनडाचं केलं तेव्हा सख्ख्या आईलासुद्धा व्हिसा हातात येईपर्यंत सांगितलं नव्हतं. त्यातलं थोडं दृष्ट लागेल म्हणून असतं, हसू नकोस, इंजिनियर लोक पण मानतात. पण मोठं कारण नोकरी. आखातात राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की चंबूगबाळं आवरायचं, त्यात ओमानायझेशनची, म्हणजे परक्यांच्या जागी ओमानी लोक घेण्याची, टांगती तलवार, मग कंपनीला कळलं की हा चाललाय तर पुढच्या लिस्टमध्ये याचंच नाव. आणि कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे कायमचं तिकडे जायच्या गुणांवरच्या अर्जात, तिशीनंतर वयाचे गुण वर्षागणिक घटत जातात, पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य, म्हणजे चाळिशीच्या आसपासचं जोडपं अक्षरशः कॅलेंडर बघत अर्ज करतं, होईल का नाही हे त्यांनाच माहीत नसतं. तुला सांगितलं असतं तर मिस्टरांना कळलं असतं, तिथून साइटवर, मस्कत केवढंसं, तूच बघितलंस हळदीकुंकवात काय झालं ते.

हे मी तिची बाजू घ्यायला सांगत नाहीये. तिने तुला सांगायला हवं होतं, निदान कॅनडाचं अर्जाचं इन्व्हिटेशन आलं त्या दिवशी तरी, आणि रोज चहा पिताना न सांगणं हे मला पण जमलं नसतं आणि आवडलं नसतं. तर तिला हे बोल. हसून फोटो काढलेस ना, तिथेच चुकलं बघ. व्हिडिओवर नको, व्हॉइस मेसेज कर, लांबलचक, रडत झाला तरी चालेल, की तू मला सांगितलं नाहीस ते मला लागलं. ती पण तिकडे त्याच ओझ्याखाली असणार, मालवणी बाई आहे, दोन शिव्या देईल, स्वतःला चार देईल, आणि मग तुमचं नीट बोलणं सुरू होईल. आत्ता जे चालतं ते हवापाण्याचं चालत असणार, बर्फ पडला का आणि मुलांची शाळा कशी.

किल्लीवर मात्र मी थांबले. दोनदा वाचलं ते.

आमच्या वाडीत निम्म्याहून जास्त घरांना कुलूप आहे. गणपती नाहीतर शिमगा, तेवढंच उघडायचं. माझ्या गडग्यापलीकडची मैत्रीण २००९ ला मुलाकडे विरारला गेली, तिच्या घराची किल्ली तेव्हापासून माझ्या माजघरातल्या खुंटीला आहे. पंधरा दिवसांनी जाऊन केर काढते, पावसाळ्यात कौलं बघते, वाळवी लागली की ओरडते. म्हणजे आपल्याकडे जाणारा किल्ली देऊन जातो, राहणाऱ्याच्या हातात काहीतरी ठेवून जातो. तुझं उलटं झालं, तिने तुझीच किल्ली तुला परत दिली आणि तुझ्याकडे सांभाळायला तिचं काही उरलं नाही, भाड्याचा फ्लॅट, आठ दिवसात दुसऱ्याच्या चपला. जाणाऱ्याला निदान सगळं नवं असतं गं, घर शोध, बस शोध, थंडीचे बूट घे. राहणाऱ्याला तोच जिना, तीच लिफ्ट, वरच्या मजल्याचं तेच बटण.

पण तुझ्याकडे तिचं काही नाही हे खरं नाही. माळ्यावरून ते मोदकपात्र काढ आधी. त्यावर नाव घातलेलं असेल बघ, तिच्या सासूबाईंचं नाहीतर आईचं, आपल्याकडे बिननावाचं मोदकपात्र मी तरी बघितलेलं नाही. नाव असलेलं भांडं कधी दुसऱ्याचं होत नाही, ते सांभाळायला दिलेलं असतं, जाताना ती बोलली काहीही असू दे. घासून पुसून वापर आणि दरवर्षी तिला विचारून वापर.

विचारून म्हणते कारण माझी विरारवाली फोन करते ना, ती कशी आहेस वगैरे विचारतच नाही. तिचा पहिला प्रश्न, कापा फणस धरला का, दुसरा, बावीला पाणी किती. नुसत्या गप्पांसाठी लावलेला फोन दोन वर्षांत आठवड्याचा महिन्यावर आणि महिन्याचा वाढदिवसावर येतो, हे मी सगळ्यांच्या बाबतीत बघत आलेय. म्हणून तिला तुझ्या घरातलं एखादं काम दे, अगदी कटकटीचं चालेल. मुलाचं मराठी वाचन भाऊजींनी घ्यायचं, किंवा पाहुणे आले की सोलकढीला आगळ किती ते तिने सांगायचं, तुला येत असलं तरी. आणि दिवस ठरवून टाक. तुमची सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यांची शनिवार-रविवार, म्हणजे दोघींच्या वाट्याला एकच शनिवार येतो. मस्कतला संध्याकाळचे पाच म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे नऊ, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की आठ. चाकरमानी गणपतीला येतील का असं आम्ही कधी विचारत बसत नाही, कालनिर्णयात तारीख असते, तसंच हे.

मुलगा पळतो म्हणजे विसरला असं नाही. नऊ वर्षांच्या पोराला स्क्रीनसमोर उभं करून 'बोल मावशीशी' म्हटलं की त्याला परीक्षेला बसवल्यासारखं होतं, माझाच नातू मला तोंड दाखवत नाही. त्याला समोर बसवू नकोस, फोन ओट्यावर ठेव, तुमचं चालू दे, तो येता-जाता घुसेल मध्येच. दोघा मुलांना एखादा गेम ऑनलाइन एकत्र खेळता येत असेल तर तो लावून दे आणि तू खोलीबाहेर जा. राखीचं पाकीट मात्र तिकडून लवकर टाकायला सांग, पोस्टाचा भरवसा नाही. आणि त्याच्यादेखत कधीतरी म्हण की मला पण मावशीची आठवण येते, सारखं सारखं नको, एकदा.

फॉर्म. तो भरून टाक बाई, शाळेचं डोकं खाऊ नकोस. दुसऱ्या रकान्यात अर्ध्या तासात शाळेत पोचू शकेल असं माणूस लागतं, जवळचं असलंच पाहिजे असं नाही, आणि मिसिसागाहून कुणी पोचणार नाही. लिफ्टमध्ये जिच्याशी नुसतं हसतेस अशी एखादी बाई असेलच, केरळची नर्स असेल, शाळेतल्याच कुणाची आई असेल. तिच्याकडे जा, सांग की माझे मिस्टर दुक्मला असतात, तुमचं नाव लिहू का, माझं तुम्ही लिहा. ती मावशी होणार नाही, तशी अपेक्षाही धरू नकोस, तिला त्या खुर्चीत बसवलंस तर दोघींना अवघडायला होईल. पण मालवणवालीच्या दारात तू काय ओळख करून घ्यायला गेली नव्हतीस, अडलं म्हणून ओरडलीस. आता दिवसाढवळ्या, न ओरडता विचारायचं एवढाच फरक.

आणि लायसन्स काढ. मला माहितीये तिकडची ड्रम टेस्ट, पिंपांच्या मधून रिव्हर्स घ्यायला लावतात आणि लोक तीन-तीनदा नापास होतात. होऊ दे नापास. तुला जी भीती वाटतेय ना रात्रीची, त्यातली अर्धी तिच्या जाण्याची आहे आणि अर्धी तुला गाडी येत नाही याची, ही दुसरी अर्धी तरी तुझ्या हातात आहे.

पार्सलचं. कॅनडात ६० कॅनेडियन डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूवर ड्युटी लागत नाही, फक्त आत कार्ड घाल आणि फॉर्मवर गिफ्ट आहे असं स्वच्छ लिही, प्रत्येक वस्तूचं नाव आणि किंमत खरी लिही. बिया, रोपं, ताजी फळं, दुधाचे-मटणाचे पदार्थ यात पडूच नकोस. आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, सगळं नीट सीलबंद करून. आगळाची बाटली नको, फुटली तर बाकीचं पण लाल होईल.

पिठी पाठवू नकोस. तांदळाचं पीठ तिकडे इंडियन दुकानात मिळतं, खोवलेला नारळ फ्रोझन मिळतो. ते पीठ आपल्यासारखं वासाच्या तांदळाचं नसणार, उकड चिकटही होणार नाही नीट, मोदक फुटतील तिचे पहिल्या वर्षी. फुटू देत. गणपतीच्या सकाळी हाताला उकड लागलेल्या अवस्थेत ती तुलाच फोन करेल, पाणी किती घेतेस गो म्हणून.