नवीन मीडिया टेक्नॉलॉजीमुळे कंपनीतल्या ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की व्हिडिओ, मोबाइल ॲप, व्हॉट्सॲप, एआय या सगळ्यामुळे कामाच्या ठिकाणच्या ऑनलाइन शिकण्यावर नक्की काय परिणाम होतो, आणि तुमच्या कंपनीत (चाकण साइड, ऑटो पार्ट्स) नवीन एलएमएस (कोर्स ठेवायचं आणि कोणी काय पूर्ण केलं ते नोंदवायचं सॉफ्टवेअर) घ्यायचं घाटतंय तर त्याने काही होईल का. मी पुण्यात बरीच वर्षं ई-लर्निंगमध्ये आहे, आधी आयटी आणि बँकांसाठी कोर्स लिहायचे, आता कारखान्यांसाठी मटेरियल बनवते. त्यामुळे उत्तर जरा कारखान्याकडे झुकलेलं असेल.

फरक पडतो, पण मॅनेजमेंटला वाटतं तिथे नाही पडत. कंपनीत ट्रेनिंगच्या नावाखाली दोन कामं चालतात. एक, अमुक माणसाला अमुक शिकवलं याचा पुरावा तयार करणं, म्हणजे ऑडिटला दाखवायला कागद. दुसरं, त्या माणसाला ते काम खरोखर यायला लागणं. वर्गात बसवायचे तेव्हा ही दोन्ही कामं एकाच खोलीत उरकायची, हजेरीपटावर सही व्हायची आणि जे काही डोक्यात शिरायचं ते शिरायचं. नवीन टेक्नॉलॉजीने काय केलं तर या दोघांची फारकत केली. पुरावा गेला एलएमएसमध्ये आणि शिकणं गेलं यूट्यूब-व्हॉट्सॲपवर. आणि कंपन्या पैसे घालतात ते जवळजवळ सगळे पहिल्यात.

हे असं का झालं त्याचं एक कारण अगदी तांत्रिक आहे. कोर्स आणि एलएमएस एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ना, ते स्कॉर्म नावाचं स्टँडर्ड आहे, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारातून आलेलं, आणि त्याचं १.२ व्हर्जन २००१ चं आहे. ते काय सांगू शकतं? पूर्ण केला, अर्धवट सोडला, पास, नापास, मार्क किती, वेळ किती लागला, आणि कुठल्या पानावर थांबला. ते ‘कुठे थांबला, काय काय करून झालं’ साठवायला जागा ४०९६ अक्षरांची, त्यामुळे मोठ्या कोर्समध्ये त्याहून जास्त डेटा झाला की माणूस चहा पिऊन परत येतो तर कोर्स पुन्हा पहिल्या पानावर, आणि मग आयटीला फोन. २०१३ मध्ये एक्सएपीआय हे नवं स्टँडर्ड आलं, त्यात व्हिडिओ कुठे थांबवला, कुठला भाग परत पाहिला, मशीनवर जाऊन काय केलं असं बरंच काही नोंदवता येतं, पण आमच्याकडे वर्कऑर्डर येते त्यात अजूनही बऱ्याचदा ‘स्कॉर्म १.२ आउटपुट’ असंच असतं. कारण ऑडिटर विचारतो टक्के किती जणांनी पूर्ण केलं, एवढंच.

मग माणसं पण तेवढंच देतात. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. नेक्स्टचं बटण आवाज संपेपर्यंत लॉक केलं तर दुसऱ्या टॅबमध्ये मेल बघत बसतात आणि टॅब म्यूटवर. क्विझची उत्तरं १-ब, २-ड, ३-अ अशी ग्रुपवर आधीच फिरलेली असतात. लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्यात वेळोवेळी कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घ्यायची जबाबदारी मालकावर टाकलीय, चांगली गोष्ट आहे, पण बऱ्याच ठिकाणी ते वर्षातून एकदाच्या चाळीस स्लाइड आणि दहा प्रश्नांवर भागवतात. सरकारी नोकरीतही आता २०२० च्या मिशन कर्मयोगीपासून आयगॉट हे ऑनलाइन ट्रेनिंग पोर्टल आहे, शिक्षकांना दीक्षा पोर्टलवर निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षणाची मोड्युलं झाली, त्यातलं काही मटेरियल खरंच चांगलं आहे, पण स्टाफरूममध्ये चर्चा कशाची असते तर सर्टिफिकेट डाउनलोड झालं का याची.

फ्लॅश (ज्यात जुने कोर्स बनायचे ते ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) गेलं तेव्हाची गोष्ट तर बघण्यासारखी होती. ॲडोबीने २०१७ मध्येच सांगितलं होतं की ३१ डिसेंबर २०२० नंतर सपोर्ट बंद. म्हणजे कंपन्यांचे वर्षानुवर्षं साठलेले कोर्स एका तारखेला उघडायचे बंद होणार होते. पुण्यातल्या कितीतरी टीमनी त्या काळात कन्व्हर्जनवरच पोट भरलं. ही खरं तर सुवर्णसंधी होती, जुनं निम्मं फेकून द्यायची. पण बहुतेक क्लायंटचं म्हणणं एकच, जसं आहे तसं एचटीएमएल फाइव्हमध्ये (ब्राउझरमध्ये थेट चालणाऱ्या नव्या फॉरमॅटमध्ये) आणा, स्टोरीबोर्डला (कोर्सच्या आराखड्याला) हात लावू नका. तर आणलं. तेच कॅरेक्टर, तोच ‘चला शिकूया’ म्हणणारा सूटमधला माणूस, फक्त आता मोबाइलवर दिसायला लागला. टेक्नॉलॉजी बदलली म्हणून शिकणं बदलतं असं म्हणणाऱ्याला मी नेहमी हे उदाहरण देते.

आता व्हिडिओ. हा मात्र खरा बदल आहे आणि तो २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर झाला, एलएमएसवाल्यांनी काही केलं म्हणून नाही. डेटा स्वस्त झाल्यावर ऑपरेटर पोरगा अडलं की सुपरवायझरच्या आधी यूट्यूबला विचारायला लागला.

व्हिडिओच्या लांबीबद्दल २०१४ चा एक अभ्यास सगळे सांगतात, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या चार कोर्समधली ६९ लाख सेशन तपासली होती, निष्कर्ष असा की व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण जास्तीत जास्त ६ मिनिटं टिकतात. यावरून मायक्रोलर्निंगची (छोट्या छोट्या तुकड्यांत शिकवण्याची) लाट आली आणि लोकांनी केलं काय, तर चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगचे सात तुकडे केले. भाग १, भाग २, भाग ३. एकही तुकडा स्वतंत्रपणे कळत नाही. शिवाय ते सगळे हौसेने कोर्स करणारे विद्यार्थी होते, ड्युटीवरची माणसं नाहीत, हे कोणी सांगत नाही. त्याच अभ्यासात मला जास्त कामाची वाटलेली गोष्ट वेगळीच होती, की टेबलाशी बसून साधेपणाने बोललेले व्हिडिओ महागड्या स्टुडिओत शूट केलेल्यांपेक्षा जास्त पाहिले गेले. हे मी डोळ्यांनी बघितलंय. ड्रोन शॉटने सुरू होणारी कॉर्पोरेट फिल्म कोणी बघत नाही आणि सेटरने (मशीन लावून देणाऱ्या कारागिराने) मोबाइलवर काढलेला हलता व्हिडिओ लाइनवरचे सगळे बघतात.

एक जवळचं उदाहरण देते. सीएनसी टर्निंगवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर) इन्सर्ट, म्हणजे कापणारी छोटी टिप, बदलणं. एसओपीमध्ये (काम कसं करायचं याच्या लेखी सूचनांमध्ये) एक ओळ असते, इंग्लिशमध्ये, की इन्सर्ट बदला आणि स्क्रू टाइट करा. सेटरच्या सव्वा मिनिटाच्या व्हिडिओत काय दिसतं, तर जुना इन्सर्ट काढल्यावर तो आधी त्याची सीट एअर गनने साफ करतो, मग बोट फिरवून बघतो, कारण बारीकशी चिप खाली राहिली की नवा इन्सर्ट नीट बसत नाही आणि साइज नाचायला लागते. मग स्क्रीनवर वेअर ऑफसेट (झिजेपोटी दिलेलं करेक्शन) दाखवतो, जुनी एज (धार) झिजत होती तसतसं दर थोड्या जॉबमागे (पीसमागे) करेक्शन देत आलेले असतात, ते तसंच ठेवून नवीन एज लावली तर पहिला जॉब रिजेक्ट. म्हणून ते काढायचं, पहिला पीस थोडं मटेरियल ठेवून मारायचा, मोजायचा, मग पुढे. यातलं काहीच एसओपीत नव्हतं. लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं असं नाही, पण ज्याला माहीत असतं त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही, हात आपोआप करतो. कॅमेरा समोर असला की ते पकडलं जातं. नवीन मीडियाचा सगळ्यात मोठा फायदा कुठला विचाराल तर मी हा सांगेन.

आणि आता त्यातली गंमत बघा. या व्हिडिओचा क्यूआर कोड मशीनवर चिकटवायचा (लॅमिनेट करून, नाहीतर कूलंटने चारच दिवसांत पुसतो), ऑपरेटरने स्कॅन करायचा, झकास आयडिया. पण कित्येक कारखान्यांत मोबाइल गेटवर किंवा लॉकरमध्ये जमा असतो! सेफ्टी आहे, कस्टमरची ड्रॉइंग गुप्त असतात, नियम चुकीचाही नाही. मग क्यूआर स्कॅन करायचा कशाने, कपाळाने? तर लाइनवर एक टॅब लागतो, त्याला स्टँड लागतो, चार्जिंग लागतं, आणि त्याची जबाबदारी घेणारा माणूस लागतो. शिवाय आवाज. शॉपफ्लोअरवर कानात इअरप्लग असतात, व्हिडिओतली कॉमेंट्री ऐकूच येत नाही. म्हणून आम्ही आता व्हिडिओ असे करतो की म्यूटवरही कळले पाहिजेत, मोठी अक्षरं, क्लोजअप, बाण. त्याचा एक न मागितलेला फायदा झाला. एकाच लाइनवर लातूरचा, बिहारचा आणि ओडिशाचा ट्रेनी असतो, तिघांनाही तोच व्हिडिओ चालतो.

व्हॉट्सॲपबद्दल लिहायलाच हवं, कारण खरा एलएमएस तोच आहे. रात्रपाळीच्या टी-ब्रेकला कोणीतरी अलार्म नंबर सांगून ग्रुपवर व्हॉइस नोट टाकतो आणि चार मिनिटांत जुन्या माणसाचं उत्तर येतं. असला वेग कुठल्याही पोर्टलला जमणार नाही. पण ते उत्तर दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. नवीन जॉइन झालेल्याला मागचं काही दिसत नाही. ड्रॉइंगचं रिव्हिजन बदललं तरी जुना फोटो फिरत राहतो आणि चुकीचं उत्तर बरोबर उत्तराइतक्याच वेगाने पसरतं. माझं मत असं की व्हॉट्सॲप बंद करायच्या भानगडीत पडू नये, कोणी ऐकणार नाही. आठवड्यातून एकदा कोणीतरी बसून त्यातले चार चांगले प्रश्न-उत्तरं उचलून, तपासून, एका जागी ठेवावीत. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते कोणाच्याच केआरएमध्ये (नेमून दिलेल्या कामांच्या यादीत) नसतं, म्हणून होत नाही.

दुसरी एक गोष्ट याच्याशी जोडलेली, शिकण्याची वेळ. ट्रेनिंग मोबाइलवर आलं म्हणजे ते घरी आलं. ‘कधीही, कुठेही शिका’ याचा प्रॅक्टिकल अर्थ बऱ्याच ठिकाणी असा झालाय की शिफ्ट संपल्यावर, स्वतःच्या डेटा पॅकवर, रात्री भाकऱ्या झाल्यावर मोड्युल पूर्ण करा, नाहीतर उद्या नाव लाल रंगात. वर्गातल्या ट्रेनिंगला निदान कामाचा वेळ मिळायचा आणि वर चहा-बिस्कीट. हा परिणाम विक्रेत्यांच्या कुठल्याही स्लाइडवर नसतो.

क्विझला मी वर नावं ठेवली, पण क्विझ वाईट नाही, तिची वेळ चुकीची असते. २००६ चा रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आणि आपण क्विझ घेतो कधी, तर व्हिडिओ संपल्या संपल्या, म्हणजे नेमकी तेव्हा जेव्हा काहीच सिद्ध होत नाही. आठवड्याने दोन प्रश्न मोबाइलवर पाठवणं आजच्या कुठल्याही बऱ्या एलएमएसला सहज जमतं, सेटिंगचा प्रश्न आहे. कोणी लावत नाही, कारण मग मार्क कमी दिसतात.

व्हीआरचं (डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जागेत सराव करण्याचं) थोडक्यात. वॉलमार्टने २०१८ मध्ये दुकानांसाठी १७ हजार हेडसेट घ्यायचं जाहीर केलं होतं, तेव्हापासून आपल्याकडेही सगळ्यांना हवं असतं. आग, उंचीवरचं काम, हाय व्होल्टेज, जिथे सराव करताना माणूस मरू शकतो तिथे घ्या. बाकी ठिकाणी व्हिजिटर आले की कपाटातून बाहेर काढायची वस्तू होते ती.

एआयने आता कोर्स बनवणं प्रचंड स्वस्त केलंय, स्क्रिप्ट, आवाज, बोलणारा चेहरा, सगळं एका दुपारी. माझ्या धंद्यावर गदा आहेच, पण माझी खरी काळजी वेगळी आहे. बनवणं स्वस्त झालं तरी बघणाऱ्याचा वेळ तेवढाच आहे. पूर्वी वर्षाला आठ मोड्युलं असायची कारण बजेट तेवढंच, आता चाळीस येतील. मराठी आवाज सुधारलेत, तरी ‘चाक’ मधला च चहातल्या च सारखा म्हणणारा मशीनचा आवाज लागला की लाइनवर पोरं हसतात आणि पुढचं कोणी ऐकत नाही. एसओपीवर बसवलेला चॅटबॉट मात्र मला उपयोगी वाटतो, एका अटीवर, टॉर्क किंवा टेंपरेचरचा आकडा सांगताना त्याने एसओपीचं ते पान समोर उघडून दाखवलंच पाहिजे. एसओपी २०१२ ची असेल तर तो २०१२ चंच उत्तर देईल, तेही अगदी ठामपणे.

तर तुमच्या एलएमएसचं. विक्रेत्याच्या लॅपटॉपवरचा डेमो बघू नका. त्याला लाइनवर घेऊन जा आणि एखाद्या ट्रेनीच्या हातात तुमच्या ऑफिसमधला सगळ्यात स्वस्त अँड्रॉइड द्या (त्या दिवसापुरती सिक्युरिटीची परवानगी काढून). ‘इन्सर्ट’ असं देवनागरीत टाइप करून सर्च चालतो का बघा, इंग्लिश अक्षरांत मराठी टाइप करून चालतो का तेही बघा, कारण पोरं तसंच टाइप करतात. व्हिडिओ किती क्लिकमध्ये सापडतो ते मोजा. मग विचारा, यात व्हिडिओ चढवायचा हक्क कोणाला? फक्त एचआरला असेल आणि सेटरने काढलेला व्हिडिओ चार ॲप्रूव्हलमधून जाणार असेल तर तो कधीच चढणार नाही, ग्रुपवरच जाईल. क्वालिटीच्या एका माणसाची तपासणी पुरे. आणि प्लांट हेडकडून शिफ्टमधली आठवड्याला वीस मिनिटं लेखी मागून घ्या, सॉफ्टवेअरच्या आधी.

बजेट तंग असेल तर मूडल नावाचं एलएमएस आहे, २००२ पासूनचं, ओपन सोर्स, लायसन्सचा खर्च नाही. फक्त ते सांभाळायला एक माणूस लागतो, सर्व्हर, बॅकअप, अपडेट सगळं धरून, आणि तो माणूस आयटीत आधीच तीन कामं करत असेल तर घेऊ नका.