मेस्त्री, एक विचारू? : क्लच कुठला घालू?

मागच्या अंकात डिझेल गाड्यांच्या रीमॅपवर, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमधला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवण्यावर, दोनच परिच्छेद लिहिले होते. टपालात आलं काय, तर क्लचच क्लच. रीमॅप करताना कुणी क्लचची आठवण काढत नाही आणि नंतर तोच आठवण करून देतो, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात सव्वीस वर्षं बघतोय. यावेळचा सगळा कोटा त्यालाच.

प्रश्न : माझी 2016 ची पोलो 1.5 डिझेल, 92 हजार किलोमीटर झालेत. सहा महिन्यांपूर्वी रीमॅप केली, ट्यूनर म्हणतो 330 न्यूटनमीटर टॉर्क (फिरवायचा जोर) झाला. आता पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलो की चौथ्या गिअरला आरपीएमचा काटा उडतो आणि गाडी आहे तेवढीच पळते. एक जण म्हणतो स्टेज थ्री सिरॅमिक घाल, दुसरा म्हणतो ओरिजिनल घाल आणि पाय हलका ठेव. आठवड्यातून दोनदा पुणं, बाकी गावातच. काय करू? — एक वाचक, सातारा

काटा उडतो आणि गाडी पळत नाही म्हणजे क्लच सरकतोय, यात शंका नाही. क्लच म्हणजे इंजिनच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, प्रेशर प्लेटनं दाबून धरलेली प्लेट; तिच्या घासण्यानंच जोर गिअरबॉक्सकडं जातो. पण कुठला घालायचा हे ठरवण्याआधी आत्ताचा का सरकतोय ते बघा. गिअरबॉक्स उतरवला की पहिल्यांदा बेलहाऊसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या, आत बोट फिरवा. काळी कोरडी धूळ आली तर प्लेट झिजलीय. तेलकट चिखल आला तर क्रँकचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचं इनपुट सील गळतंय. मग लाखाचा क्लच घातला तरी तो तेलावरच घसरणार.

तेलकट प्लेटचा धडा मी स्वतःच्या हातानं शिकलो. धंद्याच्या सुरुवातीला एका गिऱ्हाइकाच्या गाडीत नवी प्लेट बसवताना शाफ्टच्या आट्यांना मन लावून ग्रीस थापलं. बोटभर. गाडी फिरायला लागल्यावर ते उडून प्लेटवर गेलं आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत दारात. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, नवी प्लेट माझ्या खिशातून. तेव्हापासून ग्रीसचा नुसता ओशट हात फिरवतो आणि जास्तीचं फडक्यानं पुसून काढतो.

आता हिशेब. कंपनीतून तुमच्या गाडीला 230 न्यूटनमीटर टॉर्क होता. क्लच बनवणारे थोडी शिल्लक ठेवतातच, पण 92 हजार किलोमीटर चाललेल्या प्लेटमध्ये ती उरत नाही. प्लेट झिजली की प्रेशर प्लेटचा डायफ्रॅमही (दाब देणारी चपटी स्प्रिंग) आपल्या जागेवरून सरकतो आणि दाब बदलतो. त्यावर तुम्ही 100 न्यूटनमीटर वाढवलेत. ही डिझेल टर्बो असल्यामुळे टॉर्क खालच्या आरपीएमलाच, एकदम येतो. म्हणून गावात काही कळत नाही आणि घाटात वरच्या गिअरला दाबली की कळतं.

क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींवर ठरतं : घासणाऱ्या बाजू किती, लायनिंगची (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराची) पकड किती, प्रेशर प्लेटचा दाब किती आणि प्लेटची मधली त्रिज्या किती. चारांचा गुणाकार करायचा. उदाहरणापुरती एक प्लेट घेऊ, तुमचीच असं नाही. बाहेरचं माप 228 मिलिमीटर, आतलं 150, म्हणजे मधली त्रिज्या साडेचौऱ्याण्णव. बाजू दोन. साध्या ऑरगॅनिक लायनिंगची पकड 0.3 धरा. दाब 5000 न्यूटन, म्हणजे साधारण पाचशे किलो वजन ठेवल्यासारखा. गुणाकार येतो 283 न्यूटनमीटर. 230 ला पुरेसा, 330 ला नाही.

तुम्हाला लागतो 330 वर वीसेक टक्के जास्त, म्हणजे 400 च्या आसपास. तिथं पोचायला तीन वाटा. लायनिंग तेच ठेवून नुसता दाब वाढवला तर तो 7000 न्यूटनवर न्यावा लागतो. मग डावा पाय भरून येतो, क्रँकला पुढंमागं सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवरही भार वाढतो. दाब तोच ठेवून 0.4 पकडीचं सिरॅमिक घातलं तर 378 येतात. आकडा वाईट नाही, पण सिरॅमिकचा स्वभाव पुढं सांगतो. तिसरी वाट दोन्हीचं थोडं थोडं : दाब 6000 आणि 0.35 पकडीचं चांगल्या प्रतीचं ऑरगॅनिक. गुणाकार 397. मी तुमच्या जागी असतो तर हीच वाट धरली असती.

दुकानात मागताना ‘स्टेज’ शब्द वापरू नका. स्टेज वन, टू, थ्री याला कुठलंही प्रमाण नाही, प्रत्येक कंपनीची आपापली मोजपट्टी. एकीचा टू तो दुसरीचा वन. सरळ विचारा : हा सेट किती न्यूटनमीटर धरतो, आणि तो आकडा इंजिनवरचा की चाकावरचा? डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकाशी मोजलेला आकडा इंजिनच्या आकड्यापेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्के कमी येतो. तुमच्या ट्यूनरलाही हेच विचारा. 330 चाकावरचे असतील तर माझा सगळा हिशेब वर सरकेल.

आता सिरॅमिक. 2001 साली मी एका रॅलीवाल्याकडून जुनी एस्टीम घेतली. आत चार ठोकळ्यांची सिरॅमिक प्लेट, आणि मधल्या हबला स्प्रिंगच नाहीत. मोकळ्या रस्त्यावर गाडी गोळीसारखी सुटायची. शुक्रवारी बायकोला घेऊन अंबाबाईच्या देवळाकडं निघालो. बिंदू चौकातल्या गर्दीत पाय अर्धा सोडावा तर गाडी एकतर बंद, नाहीतर टुणकन पुढं. अर्धा क्लच हा प्रकारच तिला ठाऊक नव्हता. सौभाग्यवती म्हणाल्या, “ही गाडी हाय का टोणगा?” आणि उतरून चालत गेल्या. पुढच्या आठवड्यात प्लेट बदलली.

असं होतं, कारण सिरॅमिकची पकड गरम झाल्यावरही सुटत नाही, पण ती येते एकदम. रॅलीत दिव्यासारखी उघड-मिट चालते, साताऱ्याच्या राजवाड्यापुढं नाही. शिवाय ते फ्लायव्हील खातं. मधे केव्हलारही मिळतं. धरायला मऊ, टिकायला चांगलं, पण बसवल्यावर बरेच किलोमीटर सांभाळून चालवावं लागतं आणि एकदा जळून काचेसारखं गुळगुळीत झालं की मूळ पकड सहसा परत येत नाही. आठवड्याला दोन घाट आणि बाकी गावात असेल तर पूर्ण गोल ऑरगॅनिक प्लेट, हबला स्प्रिंग असलेली.

फ्लायव्हीलचं बघा. तुमच्या गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील आहे : दोन तुकडे आणि मधे कमानीसारख्या स्प्रिंगा. डिझेलचे झटके त्या गिळतात म्हणून गिअरबॉक्सला शांतता. ते सैल झालं असेल तर न्यूट्रलला खडखड येते, इंजिन बंद करताना धक्का बसतो. कंपनीनं हाताला लागणाऱ्या मोकळेपणाची मर्यादा दिलेली असते, ती मोजा. मर्यादेत असेल तर ठेवा, बाहेर गेलं असेल तर बदला. ते लेथवर लावून घासून द्या म्हणाल तर मी देणार नाही. बनवणारेच नको म्हणतात. साधं ओतीव लोखंडी फ्लायव्हील असतं तर माझ्या शेजारच्या टर्नरनं सकाळच्या चहाआधी हलका हात मारून दिला असता. उद्यमनगरात लोखंड घासायला कुणी नाही म्हणत नाही.

ड्युअल मास काढून एकसंध फ्लायव्हील घालायचे सेट मिळतात, स्वस्तही पडतात. चालतातही. पण मग न्यूट्रलला गिअरबॉक्समधून डबड्यात खडे टाकल्यासारखा आवाज येतो. काही जणांना तो आवडतो. मला नाही.

आणि एक गोष्ट कुणी सांगणार नाही, कारण त्यात कुणाचं काही विकलं जात नाही. ट्यूनरकडं परत जा आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क 290 ते 300 च्या आत बांधून घ्या, वर पॉवर तशीच राहू द्या. घाटात फरक जाणवेल न जाणवेल, पण क्लच आणि गिअरबॉक्स दोघं श्वास घेतील. फोक्सवॅगनच्या मॅन्युअल गिअरबॉक्सची नावं एमक्यू 200, एमक्यू 250, एमक्यू 350 अशी असतात. तो आकडा म्हणजे ढोबळमानानं तो किती न्यूटनमीटरसाठी बांधलाय ते. तुमचा 350 वाला नक्की नाही. क्लच सरकतो तेव्हा तो एका अर्थानं फ्यूजचं काम करत असतो. त्याला फार दणकट केलात तर पुढचा कमजोर दुवा गिअरचे दाते. चाकणला 2022 साली पोलो बनणं थांबलं. आता धड गिअरबॉक्स शोधायचा म्हणजे भंगारवाल्यांच्या दारात चकरा.

बसवताना रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलतं ते) नवं घाला, जुनं ‘चांगलं वाजतंय’ म्हणून ठेवू नका. क्रँकचं सील त्याच वेळी बदला, पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी सीलच्या किमतीहून कितीतरी जास्त. नंतर पहिले 800 किलोमीटर गावातच फिरवा, गिअर बदलत, पूर्ण रेस न देता. मित्राला दाखवायला खंबाटकीला नेऊ नका.

प्रश्न : आमच्या जुन्या स्कोडा लॉरा 1.8 पेट्रोलमध्ये यजमानांनी जास्त टॉर्कचा क्लच बसवून घेतला. गाडी पुण्यात रोज मी चालवते. महिन्याभरात माझा डावा गुडघा दुखायला लागला. गॅरेजवाले म्हणतात, परफॉर्मन्स क्लच असाच असतो. — एक वाचक, पुणे

ताई, असाच असतो हे अर्धसत्य. तुमच्या गाडीत बहुधा नुसती जड प्रेशर प्लेट घातलीय. पकड वाढवण्याची ती सगळ्यात सोपी आणि पायाला सगळ्यात महाग वाट. यजमानांना विचारा, गाडी रीमॅप केलीय का? केली नसेल तर लॉराच्या 250 न्यूटनमीटरला कंपनीचा सेट पुरतो आणि हा उद्योग कशासाठी केला हे त्यांनीच तुम्हाला सांगावं. केली असेल तर कमी दाबाची प्रेशर प्लेट आणि जास्त पकडीचं लायनिंग, असा सेट घ्या. टॉर्क तेवढाच धरेल, पाय हलका होईल. पण आधी हायड्रॉलिक लाइनमधली हवा काढून बघा आणि पेडलच्या बुशाला तेल घाला. कधी कधी दुखणं तिथंच असतं.

तोवर सिग्नलला क्लच दाबून उभ्या राहू नका. न्यूट्रल करा, पाय काढा. त्यात गुडघाही वाचतो आणि थ्रस्ट बेअरिंगही. लॉरा क्लच दाबल्याशिवाय सुरू होत नसेल तर सुरू झाल्याबरोबर सोडा. थंड इंजिनात तेल पोचायच्या आत त्या बेअरिंगवर जड प्लेटचा दाब नको.

प्रश्न : जिप्सी 1.3 घेऊन आम्ही पाचसहा जण पावसाळ्यात डोंगरात जातो. चिखलात क्लच जळाल्याचा वास येतो. सिरॅमिक घालावं का? — एक वाचक, कराड

जिप्सीचं इंजिन शंभरेक न्यूटनमीटरचं. तिचा क्लच टॉर्कनं मरत नाही, तुमच्या अर्ध्या क्लचनं मरतो. फोर-लो चा (चारही चाकांना जोर, सगळ्यात हळू गिअर) दांडा दिलाय तो टाका. गाडी गोगलगायीसारखी चढेल आणि पाय क्लचवर ठेवायची गरजच पडणार नाही. वास आला की थांबा, न्यूट्रल करून क्लच सोडा, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं चहा प्या. आणखी एक : क्लचच्या फोर्कवरचं रबरी बूट फाटलंय का ते आज बघा. ओढ्यातून गाडी घातली की तिथूनच चिखल आत जातो आणि प्लेट वाळूकागदावर घासल्यासारखी झिजते. बहुतेकांचं फाटलेलं असतं. आणि कुणाला कळलेलं नसतं.

ऑटोक्रॉसमध्ये उतरायचं असेल, दर दोन मिनिटांनी लाँच मारायचा, म्हणजे भरपूर रेसवर गाडी सोडायची असेल, तर मात्र सिरॅमिक घाला, स्प्रिंगच्या हबचं. पण मग बाजारात भाजी आणायला दुसरी गाडी ठेवा.

प्रश्न : काका, स्विफ्ट पेट्रोलला रेसिंग क्लच आणि हलकं फ्लायव्हील घातलं तर पिकअप किती वाढेल? — एक वाचक, इचलकरंजी

क्लचनं पिकअप वाढत नाही रे बाबा. तो इंजिनातलं आहे तेवढंच पुढं देतो. तुझ्या 113 न्यूटनमीटरला कंपनीचा क्लच उरून पुरतो. हलक्या फ्लायव्हीलनं रेस पटकन चढते हे खरं, पण एसी लावून गांधी पुतळ्याच्या सिग्नलला गाडी दोनदा बंद पडली की मागचे हॉर्न मारतील. त्या पैशात चार चांगले टायर घे.

पुढच्या महिन्यात ब्रेक. पत्रात गाडीचं मॉडेल, साल, किलोमीटर आणि रोजचा रस्ता लिहा. यावेळी दोघांनी नुसतं ‘क्लच जड आहे’ एवढंच लिहिलंय. कुठल्या गाडीचा, ते नाही.