अडलं की त्याच दिवशी सांग

चि. —,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. रात्री दहापर्यंत काम करतोस, कधी उलट उत्तर दिलं नाहीस, तरी बॉस म्हणतो तुझ्यावर विसंबता येत नाही. हा वर्णभेद आहे का, असं विचारतोस. असू शकतो, जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये तोही पाहिलाय मी. पण तूच लिहिलेल्या हकिगतीत मला वेगळंच दिसतंय. काम अडलंय हे तुला मंगळवारी कळलं होतं. तू ते पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सांगितलंस, तेही बॉसने विचारल्यावर! अडलं की त्याच दिवशी सांगायचं. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे, बाकीचं पत्र त्याच्याभोवतीच फिरणार.

पुण्यात तुझा टीम लीड दिवसातून दोनदा खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. तू म्हणायचास, "होऊन जाईल सर," आणि तुझ्या आवाजावरून त्याला कळायचं की होणार नाहीये. इथे मागे कोणी येत नाही. मीटिंग संपली की प्रोटोकॉल, म्हणजे काय ठरलं त्याची नोंद, सगळ्यांकडे फिरते, त्यात कामापुढे तुझं नाव आणि तारीख. गप्प बसलास म्हणजे तारीख मान्य. पुढे कुणी चौकशी केली नाही तर ते तुला दुर्लक्ष वाटलं. अरे, त्यांनी काम तुझ्यावर सोपवलं होतं! त्या तारखेवर आणखी लोक आपापली कामं लावून बसलेले असतात. मंगळवारी बोलला असतास तर कपाळाला आठ्या पडल्या असत्या आणि तारीख पुढे सरकली असती. शुक्रवारी सरकवायला काही उरलंच नव्हतं.

रात्री दहाच्या मेलांचं कौतुकही सोड. कायद्याने दिवसाचे 8 तास. ताणले तर 10, तेही पुढच्या काही महिन्यांत सरासरी 8 वर आणायची. शिवाय आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत 11 तासांची विश्रांती. तू रात्री दहाला मेल टाकून सकाळी आठला हजर, म्हणजे बॉसच्याच डोक्याला ताप. कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या बेट्रीब्सराटने जाब विचारला तर उत्तर त्याने द्यायचं. आणि अंगात ताप असताना ऑफिसात कशाला गेलास? सकाळीच कळवायचं आणि झोपायचं. तीन दिवसांपेक्षा लांबलं तर डॉक्टरचा दाखला लागतो. कंपनी आधीही मागू शकते, तुझा करार वाच. आजारपणसुद्धा त्याच दिवशी सांगायचं असतं.

तू म्हणशील, ताईंना बोलायला काय जातं. गेलं ना. 2009 ची मंदी, कुर्त्सआर्बाइट म्हणजे कमी तास आणि कमी पगार चालू, प्रत्येक जण जीव मुठीत धरून बसलेला. त्यात मी वरच्या साहेबासमोर सांगितलं की ही चाचणी ईस्टरपर्यंत संपणार नाही. टीम लीडरची जागा त्या वर्षी दुसऱ्याला गेली आणि नंतरही माझ्याकडे कधी आली नाही. घरी अजून ऐकून घ्यावं लागतं, जरा गोड बोलली असतीस तर! का बोलायचं गोड? चाचणी ईस्टरपर्यंत संपली नाहीच. त्या जागेचं मला वाईट वाटत नाही. बरं, थोडं वाटतं. पण आज परत तीच वेळ आली तरी मी तेच, त्याच दिवशी बोलेन.

जास्त रुखरुख लागते ती डब्याची. साडेअकराला सगळे कँटीनला जायचे आणि मी टेबलावर पोळीभाजी खायची, कारण पैसे वाचायचे आणि माझं जर्मन कुणाच्या कानावर पडायचं नाही. सूप पिता पिता, "हे काही ईस्टरपर्यंत होत नाही हं," असं सहज सांगून झालं असतं. मला त्यासाठी भरलेल्या खोलीत तोंड उघडावं लागलं. तेव्हा जेवायला जा. शाकाहारी आहेस तर बटाटे खा, पण जा. जर्मनही तिथेच सुधारतं. जर्मनची B1 पातळी झाली तर ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे तुझ्यासारख्या शिकलेल्या परदेशी नोकरदाराला, राहण्याचा कायमचा परवाना 27 ऐवजी 21 महिन्यांत मागता येतो, हे तू मला विचारण्याआधीच सांगून टाकते.

तू घाबरलायस ते कळतं मला. प्रोबेत्साइटच्या, म्हणजे नोकरीतल्या परीक्षेच्या काळाच्या, 6 महिन्यांत 2 आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकतात, आणि तिकडे घराचा हप्ता आहे. पण म्हणून गप्प बसून काय वाचवलंस? शुक्रवारी ते कळलंच.

सोमवारी बॉसच्या कॅलेंडरमध्ये अर्धा तास माग. तुझ्या कामाच्या मूल्यमापनावर बोलणं असेल तर बेट्रीब्सराटचा माणूस सोबत न्यायचा तुला हक्क आहे, पण पहिल्या खेपेला एकटा जा. माफी मागत बसू नकोस. काय अडलंय, कधीपासून अडलंय, कुणाची मदत हवी आणि खरी तारीख कोणती, एवढंच कागदावर लिहून ने. पहिली दोन वाक्यं जर्मनमधून बोल, पुढे इंग्रजी चालेल. ती दोन वाक्यं मला रविवारपर्यंत पाठव. व्याकरण तपासून देईन. तारीख मात्र मी गोड करून देणार नाही.

तुझी,
ताई